त्या पावसाळ्यापासनं

"अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यापासनं पोट फिरलंय, डॉक्टर."

अण्णांचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. तालुक्याच्या दवाखान्यात ऐकलं, साताऱ्यात ऐकलं, मी नोकरीला लागल्यावर पुण्यातही ऐकलं. डॉक्टर बदलले, फी वाढत गेली, पण अण्णांची सुरुवात इथूनच व्हायची. समोरचे डॉक्टर मान हलवायचे आणि विचारायचे, "बरं, आत्ता काय होतंय?" मग मुरडा, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागणं, जाऊन आलं तरी पोट साफ न वाटणं, गुबारा धरणं, सगळं केसपेपरवर उतरायचं. पावसाळा तेवढा उतरायचा नाही.

त्या वर्षी मी सहा वर्षांची होते. आमचं गाव वाई तालुक्यातलं. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी विहिरीत शिरलं आणि चार-पाच दिवसांत आमची सगळी आळी जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. अण्णांना तीन दिवस सलाईन लावलेलं मला आठवतं, कारण ती बाटली खुंटीला टांगली होती आणि मला तिला हात लावायची बंदी होती. आठवड्याभरात सगळे उठले, कामाला लागले. अण्णाही उठले. त्यांचं पोट मात्र पुन्हा जागेवर आलं नाही.

अण्णा एसटीत चालक होते. पहाटेची गाडी असली की ते काही न खाता निघायचे. अर्धा कप कोरा चहा, बस. डबा सोबत असायचा, पण तो संध्याकाळी तसाच परत यायचा आणि ड्यूटी संपल्यावर घरीच उघडायचा. "पोट रिकामं असलं की गप्प राहतं," असं ते म्हणायचे. वाई-पाचगणी मार्गावर कुठल्या टपरीमागे आडोसा आहे, कुठल्या पंपावरची किल्ली कुणाकडे असते, हे त्यांना मैलाच्या दगडांसारखं पाठ होतं. पसरणी घाट चढायच्या आधी ते एकदा थांबायचेच. वळणावळणाच्या घाटात मध्येच मुरडा आला तर काय, ही धास्ती त्यांच्या मागच्या सीटवर कायमची बसलेली असायची. बरीच वर्षं एकच कंडक्टर त्यांच्या जोडीला होते. कधी गाडी अवेळी थांबवावी लागली तर ते काका प्रवाशांना मोठ्याने सांगायचे, "पाच मिनिटं बसून घ्या, चाक बघतायत." मग स्वतः खाली उतरून टायरवर हात आपटत उभे राहायचे. अण्णांनी हे मला ते काका गेल्यावर सांगितलं. त्याआधी कधीच नाही.

डॉक्टरांनी मात्र ठरवून टाकलेलं. "मनाचंच आहे. टेन्शन घेऊ नका." असं म्हणणारे तीन-चार तरी भेटले, आणि त्यातल्या एकाने अण्णांच्या देखत आईला विचारलं, "घरी काही कटकट असते का?" आई त्यानंतर किती दिवस गप्प होती. पुढे तीही म्हणायला लागली, "मनाला लावून घेतात हो."

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशन थिएटरमधून, एंडोस्कोपीच्या खोलीतून फॉर्मलिनच्या डबीत माणसाचा तुकडा येतो. तो कॅसेटमध्ये जातो, रात्रभर मशीनमध्ये फिरतो, सकाळी मेणात बसवून आम्ही ब्लॉक करतो. मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप. ती मेणाची पट्टी कोमट पाण्यावर तरंगते, खालून काच घालून उचलायची, वाळवायची, रंगवायची. रंग दोन: हिमॅटॉक्सिलिनचा निळा-जांभळा आणि इओसिनचा गुलाबी. आम्ही त्याला एच अँड ई म्हणतो. जगभरातल्या लॅबमध्ये रोजचा रंग तोच. कर्करोग, क्षय, अल्सर, आतड्याची सूज, सगळ्यांचा पहिला निवाडा या दोन रंगांत होतो. त्या रंगांवर माझं प्रेम आहे, हे मी मनापासून सांगते.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, २०११ मध्ये, अण्णांच्या दुर्बिणीच्या तपासण्या झाल्या, वरून आणि खालूनही. साठीतला माणूस म्हटल्यावर त्या व्हायलाच हव्या होत्या. शौचातून रक्त पडणं, विनाकारण वजन उतरणं, रक्त कमी होणं, त्रासाने झोपेतून जाग येणं, किंवा उतारवयात नव्याने पोट बिघडणं, यातलं काही असेल तर आधी दुसरे आजार नाहीत ना हे पाहावंच लागतं. अण्णांचे तुकडे आमच्याच लॅबमध्ये आले. जठराचे दोन, मोठ्या आतड्याचे चार. दुसऱ्या कुणाला न देता ब्लॉक मीच कापले. हात थरथरेल असं वाटलं होतं, पण तो नेहमीसारखाच चालला. इतका सरळ रिबन मी क्वचितच कापला असेल. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड पाहिल्या आणि रिपोर्ट लिहिला: विशेष काही आढळलं नाही.

कर्करोग नाही म्हणून घरी त्या दिवशी गोडाचा शिरा झाला. अण्णांनी रिपोर्ट घडी घालून पाकिटात ठेवला आणि मला विचारलं, "मंजे काहीच न्हाय का गं आत?"

या प्रश्नाने मला वाचायला लावलं.

आपल्या पोटाच्या अस्तरात, जठरापासून गुदाशयापर्यंत, बाकीच्या पेशींमध्ये एकेकट्या विखुरलेल्या काही पेशी असतात. अस्तरातल्या शंभर पेशींत साधारण एक. थायरॉइडसारखी त्यांची वेगळी गाठ नाही, की बोट ठेवून दाखवता येईल. पण सगळ्या एकत्र मोजल्या तर शरीरातली संप्रेरकं तयार करणारी ती सर्वांत मोठी यंत्रणा ठरते. आणि आमच्या रोजच्या दोन रंगांत त्या नजरेत भरत नाहीत. नीट पाहिलं तर एखादीच्या बुडाशी बारीक लालसर कण दिसतात, एखादी नुसतीच फिकट दिसते. फ्रीडरिश फाइर्टर नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९३८ मध्ये त्यांना नावच दिलं होतं, उजळ पेशी. रंग न धरणाऱ्या.

या पेशींचा सगळा इतिहास रंगांचा आहे, आणि माझ्यासारखीला तो वाचताना कामावर बसल्यासारखंच वाटलं. १८७० मध्ये ब्रेस्लाऊच्या रुडॉल्फ हायडेनहाइनला क्रोमियमच्या क्षारात ठेवलेल्या जठराच्या अस्तरात पिवळ्या कणांच्या पेशी दिसल्या. १८९७ मध्ये खारकिवच्या निकोलाय कुल्चित्स्कीने आतड्यात तशाच पेशींचं वर्णन केलं. क्रोमियमशी जवळीक असलेल्या आतड्यातल्या पेशी म्हणून पुढे त्या एंटेरोक्रोमाफिन झाल्या. फ्रान्सच्या पिएर मासोंने १९१४ मध्ये त्यांना चांदीने पकडलं. अमोनिया घातलेलं चांदीचं द्रावण या पेशींना मिळालं की त्यांच्यातल्या रसायनाने चांदी सुटून काळे ठिपके उमटतात. हा स्टेन, म्हणजे हे रंगवण्याचं काम, मी स्वतः केला आहे. द्रावण त्याच दिवशी करायचं, त्याच दिवशी टाकायचं, साठवलं तर स्फोट होऊ शकतो. कोमट ओव्हनमध्ये तास-दोन तास वाट पाहायची. आधी काच रिकामी वाटते आणि मग कुठेतरी एक काळा कण उगवतो. तो पहिला कण पाहताना अजूनही माझा श्वास थांबतो.

चांदी सोडवणारं ते रसायन कोणतं, याचा माग इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेरने १९३० च्या दशकात पाविया इथे काढला. त्याने त्याला एंटेरामिन म्हटलं. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये १९४८ साली रक्तवाहिन्या आखडवणारा एक पदार्थ रक्तद्रवातून वेगळा केला गेला आणि त्याचं नाव पडलं सेरोटोनिन. १९५२ मध्ये कळलं की दोन्ही एकच. मेंदूचं, मनःस्थितीचं रसायन म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या सेरोटोनिनचा शरीरातला नव्वद टक्क्यांहून जास्त साठा पोटात असतो, आणि तो मुख्यतः याच पेशी तयार करतात. एवढंच कशाला, जगात सगळ्यात आधी सापडलेलं संप्रेरकही आतड्याच्या अस्तरातलंच. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांना सिक्रेटिन सापडलं आणि तीन वर्षांनी स्टार्लिंगने हार्मोन हा शब्द प्रथम वापरला. शब्दच पोटातून आला म्हणा ना.

त्या करतात काय? चव घेतात. त्यांचं एक टोक आतड्याच्या पोकळीत उघडतं, तिथे अन्नाचा, आम्लाचा, जिवाणूंच्या पदार्थांचा अंदाज घेतला जातो. दुसऱ्या टोकाने त्या आपलं रसायन अस्तराखाली सोडतात. ते कधी रक्तात जातं, कधी शेजारच्या पेशीला सांगतं, कधी थेट मज्जातंतूच्या टोकाला. जठराच्या खालच्या भागातल्या काही पेशी गॅस्ट्रिन सोडून आम्ल वाढवायला सांगतात, त्यांच्या शेजारच्या दुसऱ्या सोमॅटोस्टॅटिन सोडून पुरे म्हणतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला तूप-तेल पोचलं की तिथल्या पेशी पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतात आणि जठराला सबुरीने घे म्हणून कळवतात. शेवटच्या टप्प्यातल्या पेशी भूक मिटल्याचा निरोप धाडतात. वजन आणि साखरेसाठी सध्या गाजत असलेली इंजेक्शनं त्यांच्याच एका संप्रेरकाची नक्कल आहेत.

सेरोटोनिनच्या पेशींचं काम एडिथ ब्यूलब्रिंग यांनी उलगडलं. नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागलेली ही बाई ऑक्सफर्डमध्ये गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा घेऊन त्याच्यात दाब वाढवत बसायची. दाब वाढला की सेरोटोनिन सुटतं आणि आतडं लाटेसारखं पुढे ढकलू लागतं, हे १९५८ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं. या पेशींना दाब कळतो कसा, याचं उत्तर मिळायला पुढे साठेक वर्षं गेली. पीझो-२ नावाचं दाब ओळखणारं प्रथिन त्यांच्यात सापडलं. त्या कुळातली प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्यांच्या जोडीने ज्यांना मिळालं त्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये दाखवलं की चुरचुरणारे, त्रासदायक पदार्थ पोकळीत आले की याच पेशी उत्तेजित होतात आणि थेट मज्जातंतूंना कळवतात. म्हणजे पोटातला मुरडा मज्जातंतूला समजण्याआधी कुणीतरी तो चाखलेला असतो.

आणि अण्णांचं ते रिकाम्या पोटाचं गणित? ते मला वाचताना फार लागलं. रिकामं पोट गप्प नसतं. जेवण होऊन काही तास उलटले की साधारण दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट जठरापासून निघून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलंसुरलं झाडून नेते. आपण पोटात कावळे ओरडतायत म्हणतो त्यातला बराचसा आवाज तिचा. तिला हाक देतं मोटिलिन, आतड्यातल्या पेशींचं, आणि जोडीला असतं घ्रेलिन, जठराच्या वरच्या भागातल्या पेशींचं, जे १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना सापडलं. भूक लावणारं म्हणून त्याची ख्याती, पण ते जठर हलवतंही. म्हणजे उपाशी पोटी घाट चढणाऱ्या अण्णांच्या आत झाडलोट चालूच होती. इतक्या वर्षांचे ते परत आलेले डबे माझ्या डोळ्यांसमोर आले. कुणी त्यांना एवढं जरी सांगितलं असतं तर!

नॉर्वेतल्या मॅग्दी एल-साल्ही यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मला पडलेलाच प्रश्न घेतला, आणि चिकाटीने घेतला. आयबीएसच्या, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, अण्णांसारखंच तपासणीत काही न सापडता पोट बिघडलेल्या रुग्णांचे जठरापासून गुदाशयापर्यंतचे तुकडे घ्यायचे, प्रत्येक संप्रेरकासाठी वेगळा स्टेन करायचा आणि पेशी मोजायच्या. २००९ मध्ये त्यांनी घ्रेलिनच्या पेशींबद्दल लिहिलं: बद्धकोष्ठ असलेल्यांच्या जठरात त्या निरोगी माणसांपेक्षा कमी, आणि जुलाब होणाऱ्यांत जास्त. रक्तातलं घ्रेलिन मात्र सगळ्यांचं सारखंच भरलं. रक्त तपासून काही कळलं नसतं, तुकडा नीट रंगवला तरच कळलं असतं. पुढे त्यांना आतड्याच्या वेगवेगळ्या भागांत इतर पेशींची संख्याही बदललेली दिसली. आहार बदलून काही महिने गेल्यावर त्यातल्या काही संख्या निरोगी माणसांच्या जवळ सरकल्या. हे अभ्यास फार मोठ्या गटांवरचे नाहीत, आणि सगळीकडचे आकडे एका बाजूला झुकतात असंही नाही. म्हणून आजही या पेशी मोजून कुणी आयबीएसचं निदान करत नाही. ते लक्षणांवरूनच होतं. आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, तीन महिने, आणि शौचाला जाणं, शौचाच्या वेळा, शौचाचं स्वरूप यांपैकी किमान दोहोंशी तिचा संबंध. २०१६ पासूनचे रोम निकष हे सांगतात. मला हे मान्य आहे. पण अण्णांच्या प्रश्नाला 'काहीच न्हाय' हे उत्तर बरोबर नव्हतं, एवढं मला तिथे कळलं.

पावसाळ्याचा धागा मला कॅनडात सापडला.

ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं शेतीवाडीचं छोटं गाव आहे, पाचेक हजार वस्तीचं. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. शेतातलं शेणखत वाहून गावाला पाणी देणाऱ्या एका विहिरीत उतरलं. क्लोरिनची व्यवस्था नीट चालवली जात नव्हती. ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू नळांतून घरोघर गेले. सुमारे २,३०० माणसं आजारी पडली, सात जण दगावले. ही बातमी मला ठाऊक होती. ठाऊक नव्हतं ते पुढचं. डॉक्टरांनी त्या गावाची पाठ सोडली नाही. दोन वर्षांनी त्यांनी लोकांना बोलावून विचारलं, तुमचं पोट कसं आहे? साथीत ज्यांना काही झालं नव्हतं त्यांच्यापैकी साधारण १० टक्के लोकांत आयबीएस होता. ज्यांना जुलाब झाले होते असं त्यांनी स्वतः सांगितलं त्यांच्यात २७ टक्क्यांहून जास्त, आणि ज्यांच्या आजाराची नोंद होती त्यांच्यात ३६ टक्के. आठ वर्षांनी आकडे उतरले, पण ज्यांना साथ झाली होती त्यांचा आकडा तेव्हाही वरच होता.

मी तो अभ्यास लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचला. डबा तसाच राहिला. इतकी माणसं अण्णांचंच वाक्य बोलत होती. त्या पावसापासून पोट फिरलंय. फरक एवढाच की तिथे कुणीतरी ते लिहून घेतलं होतं.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला रॉबिन स्पिलर यांच्या गटाने त्याच सुमारास त्या वाक्याखालचं अस्तर तपासलं. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब होऊन गेलेल्या लोकांच्या गुदाशयातले तुकडे त्यांनी पुन्हा पुन्हा घेतले. आजारपणात संप्रेरकांच्या पेशी वाढलेल्या, सोबत सूज आणणाऱ्या लिम्फोसाइट पेशीही. जिवाणू कधीच गेलेले, जुलाब थांबलेले, तरी हे बदल वर्षाहून जास्त काळ टिकू शकतात, असं त्यांना आढळलं.

इथे मी बराच वेळ अडले होते. आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. संप्रेरकांच्या पेशी त्याहून काही जास्त टिकतात, पण त्याही जातातच. म्हणजे १९८८ च्या पावसाळ्यातली एकही पेशी अण्णांच्या आतड्यात उरलेली नाही. मग आठवण कुणाला आहे? अस्तराच्या तळाशी खळगे असतात, त्यांच्यात मूळपेशी. तिथून रोज नवी पिढी वर चढते, आणि कुणी संप्रेरकाची पेशी व्हायचं, कुणी नुसती शोषणारी, हे तिथेच ठरतं. ते ठरवण्यात आजूबाजूच्या सूजेचा, मज्जातंतूंचा आणि पोकळीतल्या जिवाणूंचा हात असतो. काही जिवाणू सेरोटोनिन जास्त तयार करायला लावतात, हे २०१५ मध्ये उंदरांत दिसलं. शेत तेच, पण एका पुराने मातीच बदलली की पुढची सगळी पिकं त्या मातीतून येतात. मी शेतकऱ्याची नात आहे, मला ही गोष्ट अशीच समजली. अण्णांच्या पोटात नेमकं हेच घडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांच्या आतड्याची ती मोजणी कुणी केलेली नाही.

आणि 'मनाचंच आहे' याचं काय? त्या शब्दांचा मला वर्षानुवर्षं राग होता. नॉटिंगहॅमच्याच गटाने २००३ मध्ये पाहिलं की साथीनंतर आयबीएस कुणाला होतो यात संप्रेरकांच्या पेशींची वाढ आणि नैराश्य या दोन्ही गोष्टी वजनदार ठरतात. एक दुसरीला खोटं ठरवत नाही. भीतीने पोटात गोळा येतो हे आपल्या भाषेला कधीपासून ठाऊक आहे. मेंदूकडून येणारे तंतू याच अस्तरापर्यंत उतरतात. आणि पोटाकडून वर जाणारे तंतू त्याहूनही जास्त आहेत. रोज पहाटे घाटाची धास्ती घेऊन चाकावर बसणाऱ्या माणसाचं मन शांत कसं राहील? डॉक्टरांनी 'मनाचंही आहे' म्हटलं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते. त्यांनी 'च' लावला. तो एक 'च' घेऊन अण्णांनी वीस वर्षं गाडी चालवली आणि आईने वीस वर्षं घर.

औषधांचं थोडक्यात सांगते. या पेशींची निरोप-व्यवस्था कळल्यावर सेरोटोनिनचा एक मार्ग अडवणारं ॲलोसेट्रॉन अमेरिकेत फेब्रुवारी २००० मध्ये मंजूर झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं, कारण काहींच्या मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात आला, काहींना भयंकर बद्धकोष्ठ झालं. २००२ मध्ये ते कडक अटींसह परतलं. पोटातल्या त्या गर्दीत एकच दोरी ओढणं किती अवघड आहे, ते यावरून समजावं. अण्णांना आराम मिळाला तो मुख्यतः ताटातून. काही पदार्थांतल्या साखरा आतड्यात आंबून पोट फुगवतात, त्या साखरांचा मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने मांडलेला हिशेब आहारतज्ज्ञ बाईंनी आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवला. कांदा आणि लसूण गेले, आईला ते फार जड गेलं. गव्हाच्या चपातीच्या जागी ज्वारीची भाकरी आली, ती त्यांना हवीच होती. राजमा, छोले, मसूर बंद, मूगडाळ चालते. सगळं कायमचं बंद करायचं नसतं, काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो, आणि हे मनाने न करता विचारून करायचं असतं. फोडणीत हिंग पडला की आई म्हणते, निदान वास तरी आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे क्रोमोग्रॅनिनचा स्टेन लावायचा होता, दुसऱ्याच एका रुग्णासाठी. क्रोमोग्रॅनिन म्हणजे या पेशींच्या कणांमधलं प्रथिन. त्यावर प्रतिपिंड चिकटवून तपकिरी रंग आणतात. स्टेन बरोबर लागलाय ना हे पाहायला सोबत एक कंट्रोल स्लाइड असते, आमच्याकडे ती ॲपेंडिक्सची आहे. मॅडमना विचारून मी त्या कंट्रोलचा मायक्रोस्कोपमधून फोटो काढला आणि घरी नेला.

अण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला, मग जवळ घेतला. निळसर खळगे आणि मध्येच कुठेतरी गडद तपकिरी ठिपके.

"ह्या?"

"हो. तुमच्या नाहीत. पण तुमच्याही अशाच असतात."

"रिपोर्टात का न्हवत्या मग?"

"त्या रंगात दिसत नाहीत, अण्णा. त्यांच्यासाठी वेगळा रंग लावावा लागतो. तेव्हा लावला नव्हता. लावायची पद्धतच नाही."

ते बराच वेळ बघत राहिले. बोटांनी फोटो मोठा करायला मी शिकवलं. मग फोन खाली ठेवून म्हणाले, "लई थोड्या हायत गं."

मी पर्समधून वही काढली. म्हटलं, "अण्णा, अठ्ठ्याऐंशीचा पावसाळा सांगा मला. पहिल्यापासनं. मी लिहून घेते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग सुरुवात केली. आषाढ होता. ओढा रात्रीतून चढला. सकाळी विहिरीचं पाणी गढूळ दिसलं म्हणून त्यांनीच आळीत सांगितलं होतं, उकळून घ्या. घरी आले तर स्टोव्ह थंड. रॉकेल संपलेलं, चुलीची लाकडं भिजलेली, आणि रेशनची गाडी यायची होती दोन दिवसांनी. तुरटी फिरवलेलं पाणी गाळून प्याले आणि ड्यूटीवर गेले. "गुरुवार होता," अण्णा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "बुधवार. रॉकेल बुधवारी संपलेलं."

ती ओल्या हातांनीच बाहेर आली आणि अण्णांच्या शेजारी, खाटेच्या कडेला बसली. "मी म्हटलेलं, शेजारून मागून आणते," ती म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात. गाडीला उशीर होतोय म्हणून."

ही गोष्ट मी ३७ वर्षांत ऐकली नव्हती. मी वहीतला गुरुवार खोडून बुधवार केला.